मागचं चाक पुन्हापुन्हा पंक्चर होत होतं, कारण अखेर सापडलं

ग्रुपबरोबरच्या लांब राइडमध्ये माझ्या सायकलचं मागचं चाक दर तीस-चाळीस किलोमीटरवर बसायचं. एकदम नाही, हळूहळू. ट्यूब दोनदा बदलली, पॅच लावले, हवा वाढवली, टायरच्या आतून बोटही फिरवलं. काहीच लागलं नाही. सगळे माझ्यासाठी उन्हात ताटकळताना बघून फार वाईट वाटायचं.

शेवटी घरी हे केलं. आधी व्हॉल्व्हसमोर टायरवर खडूने खूण केली. मग टायरची एकच बाजू लिव्हरने उचलून ट्यूब ओढून काढली. कुठली बाजू डावी हे लक्षात ठेवलं. ट्यूब चांगली जाड फुगवून ओठांजवळून फिरवली, की बारीक हवासुद्धा जाणवते. छिद्र बाहेरच्या अंगाला निघालं, म्हणजे दोष टायरचा. आतल्या अंगाला असतं तर रिम टेप (चाकाच्या रिमवर आतून लावलेली, ट्यूबला स्पोकच्या भोकांपासून वाचवणारी पट्टी) तपासावी लागली असती. व्हॉल्व्हपासून छिद्राचं अंतर मोजलं, टायरवर खुणेपासून तेवढंच मोजलं आणि ती जागा उलटी वाकवून बॅटरीच्या उजेडात पाहिली.

केसासारखी बारीक तार! ट्रकच्या फुटलेल्या टायरांतल्या अशा तारा रस्त्याकडेला पडलेल्या असतात. एरवी ती रबरात दडून राहायची, वजन पडलं की टोचायची. चिमट्याने बाहेरून ओढली, मग आतून कापूस फिरवला. एकही धागा अडकला नाही तेव्हाच नवी ट्यूब घातली.

त्यानंतर दोनशे किलोमीटरची राइड झाली, हवा तशीच आहे.