स्मार्ट प्लगचं शेड्यूल चालत नाही? आधी प्लगचं घड्याळ बघा

सकाळी साडेपाचला गिझर चालू व्हायला हवा होता, पाणी मात्र थंडगार, आणि ॲपमध्ये बघावं तर शेड्यूल जिथल्या तिथे. अशा वेळी लोक लगेच प्लग रिसेट करतात. तसं करू नका, बऱ्याचदा रिसेटबरोबर सेट केलेली सगळी शेड्यूल्स उडतात आणि खरं कारण कळतच नाही.

रात्री लाईट गेली होती का ते आधी आठवा. बहुतेक स्मार्ट प्लगमध्ये घड्याळासाठी वेगळी बॅटरी नसते, लाईट गेली की वेळ गेली, आणि परत आल्यावर प्लग इंटरनेटवरून वेळ घेतो. राउटर सुरू व्हायला वेळ लागला किंवा नेट बंदच असलं तर प्लगला किती वाजले तेच माहीत नसतं, मग शेड्यूल कशाच्या जोरावर चालवणार? राउटरला छोटा यूपीएस लावला तर हा त्रास बराच कमी होतो.

कारण शोधायला तीन टेस्ट करा, पण प्लगला गिझर नाही, साधा टेबल लॅम्प लावून. पाच मिनिटं पुढचं शेड्यूल लावा, चाललं तर सेटिंग ठीक आहे. मग दुसरं शेड्यूल लावून लगेच राउटर बंद करा, तरी चाललं तर शेड्यूल प्लगमध्येच सेव्ह होतंय, नाही चाललं तर ते कंपनीच्या सर्व्हरवरून चालतंय आणि नेट नसेल तेव्हा बंद पडणारच (अलेक्सा किंवा गूगलच्या रुटीनचंही असंच, म्हणून शक्यतो प्लगच्या स्वतःच्या ॲपमधलं शेड्यूल वापरा). तिसऱ्यांदा आणखी एक शेड्यूल लावा, मग राउटर बंद करून प्लगचं बोर्डावरचं बटण बंद करून परत चालू करा, फक्त इथे अडकलं तर घड्याळाचाच घोळ.

पहिल्याच टेस्टला नापास झालं तर वार बघा, एकही वार निवडला नसेल तर बऱ्याच ॲपमध्ये शेड्यूल एकदाच चालतं. एएम-पीएम बघा. प्लग बरोबर साडेपाच तास उशिरा चालतोय, म्हणजे सकाळी ६ चं काम साडेअकराला होतंय, तर टाइमझोन चुकलाय, ॲपमध्ये भारत निवडा. प्लग ऑफलाइन दिसत असेल तर वायफाय बघा, बहुतेक प्लग राउटरच्या फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर चालतात, आणि राउटरचा पासवर्ड बदलला असेल तर प्लगला तो परत द्यावा लागतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, बंद करायचं शेड्यूल. समजा साडेपाचला गिझर चालू झाला, पावणेसहाला लाईट गेली, ६ ला बंद व्हायचा होता तेव्हा लाईटच नव्हती आणि सव्वासहाला आली. हुकलेलं शेड्यूल प्लग सहसा मागाहून चालवत नाही, आणि लाईट आल्यावर 'आधीची स्थिती' असं सेटिंग असेल तर गिझर परत चालू होतो तो दुसऱ्या दिवशी ६ पर्यंत, सगळा भार थर्मोस्टॅटवर (पाणी तापलं की गिझर थांबवणारा भाग). म्हणून गिझरसाठी लाईट आल्यावरची स्थिती 'बंद'च ठेवा आणि साडेसहा, सात, साडेसात अशी बंदची आणखी दोन-तीन शेड्यूल्स टाका, आधीच बंद असलेला प्लग परत बंद केल्याने काही बिघडत नाही.

आणि प्लग १६ अँपिअरचाच घ्या. २००० वॅटचा गिझर २३० व्होल्टला जवळपास ८.७ अँपिअर घेतो, १० च्या प्लगला तेवढा भार रोज देणं बरं नाही, आतला रिले (वीज चालू-बंद करणारा स्विच) चिकटला की ॲप बंद दाखवतं आणि गिझर चालूच राहतो. पाण्याच्या मोटरला तर प्लग थेट लावूच नका, सुरू होताना ती कितीतरी पट करंट ओढते, इलेक्ट्रिशियनकडून मधे काँटॅक्टर (जास्त करंट झेपणारा स्विच) बसवून घ्या आणि प्लगने फक्त तो काँटॅक्टर चालवा.