गोझोच्या गुहेत शिरण्याआधी

तारकर्लीला स्कूबा डायव्हिंगचा पहिला, ओपन वॉटर कोर्स केला होता. पुढे कामानिमित्त माल्टाला आले आणि पहिल्याच उन्हाळ्यात गोझो बेटावरचं द्वेइरा गाठलं. इथली प्रसिद्ध अझूर विंडो ही कमान ८ मार्च २०१७ला वादळात कोसळली. तिचे अजस्र खडक आता पाण्याखाली आहेत आणि शेजारी ब्लू होल आहे: चुनखडीतला साधारण १० मीटर रुंद, १५ मीटर खोल हौद. पाठीवर सिलिंडर घेऊन धारदार खडकांवरून तिथवर चालावं लागतं, त्यामुळे जाड तळव्याचे बूट हवेतच.

तळाशी एक गुहा आहे. आत गेल्यावर मागे वळून पाहिलं की तोंडाशी निळा उजेड दिसतो. नवख्यांनो, तो उजेड नजरेआड होईल तिथून पुढे एक हातभरही जाऊ नका. त्यापुढचं प्रशिक्षण वेगळं असतं.

माझी चूक मात्र उजेडातच झाली. मी जवळजवळ उभीच पोहत होते. पायातल्या फिन्सच्या (पोहायच्या पंखांच्या) फटकाऱ्याने गाळ उसळला आणि टॉर्चचा झोत दुधासारखा पांढरा झाला. प्रशिक्षकांनी दंड धरून मला शांतपणे बाहेर आणलं.

नंतरचा आठवडाभर मी पाच मीटरवर, वाळूच्या एका पट्ट्यावर, फक्त तरंगत राहायचा सराव केला. श्वास भरला की अंग किंचित वर जातं, सोडला की खाली येतं. पण हे लगेच घडत नाही, क्षणभर थांबावं लागतं. ती वाट पाहणं अंगात मुरलं की हात मारावे लागत नाहीत. गुहेची घाई करण्यापेक्षा हा आठवडा काढा, असं मी कळकळीने सांगेन. आणि परतीचं विमान शेवटच्या डाइव्हनंतर किमान १८ तासांनी ठेवा.

पुन्हा गेले तेव्हा गाळ हलला नाही. खोलवर लाल रंग विरून जातो, म्हणून भिंत राखाडी दिसत होती. टॉर्चचा उजेड पाडला आणि ती प्रवाळांनी नारिंगी झाली. छताजवळ मात्र रेंगाळू नये, आपले बुडबुडे तिथे अडकतात आणि छताला चिकटलेले जीव कोरडे पडतात. एका कपारीत बोटाएवढे केशरी कार्डिनल मासे होते. त्यातल्या एकाचा जबडा फुगलेला. तो नर होता; या जातीत नरच अंडी तोंडात सांभाळतो. मी श्वास संथ केला. त्याने तोंड जरासं उघडलं, आतला अंड्यांचा गोळा हलकेच फिरवला आणि पुन्हा मिटलं.