ओळखीच्या नाण्यावर अनोळखी विक्रेता पारखा

सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्याचे दात पाहिल्याशिवाय कोणी सौदा करत नाही. जुनी नाणी मात्र 'दादा, अस्सल शे' एवढ्या हमीवर घरी नेणारे पुष्कळ सापडतात. विक्रेता पहिल्यांदाच भेटलेला, नाणेही पहिल्यांदाच हातात आलेले, आणि दोन्हींबद्दल माहिती देणारा तोच एक माणूस. फसवणूक होते ती बहुतेक इथेच.

यातून सुटायचे तर सुरुवात उलट्या बाजूने करा. नवा विक्रेता गाठला की पहिल्यांदा अशा नाण्याबद्दल बोला, ज्याचे वजन, धातू आणि भाव तुम्हाला तोंडपाठ आहे. तो काय सांगतो, किती मागतो, तपासू देतो का आणि बिलावर काय लिहितो, एवढ्यावर त्याची बरीच पारख होते.

खानदेशासाठी असे नाणे म्हणजे पंचम जॉर्जचा चांदीचा रुपया. लक्ष्मीपूजनाला तो कितीतरी घरांत ताम्हणात येतो आणि सातपुड्याच्या पट्ट्यात गळ्यातल्या माळेत ओवलेलाही दिसतो.

पहिली पायरी : आकडे पाठ करा

१८३५ ते १९३९ या काळातल्या ब्रिटिश रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा. चांदी ९१.७ टक्के, व्यास साडेतीस मिलिमीटरच्या आसपास. १९४० ते १९४५ च्या रुपयाचे वजन तेच राहिले, पण चांदी ५० टक्क्यांवर आली. १९४७ चा रुपया निकेलचा. तो लोहचुंबकाला चिकटतो आणि चिकटलाच पाहिजे. '१९४७ चा चांदीचा रुपया' म्हणून कोणी दाखवत असेल तर त्याला एक तर माहिती नाही किंवा तो खोटे बोलतो. दोन्ही प्रकारांत तिथून निघालेले बरे.

आता भावाचा तळ काढा. ११.६६ गुणिले ०.९१७ म्हणजे १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी. त्या दिवशीचा चांदीचा दर जळगावच्या सराफ बाजारात विचारा आणि गुणाकार करा. १९१२ ते १९२० मधला साधा, झिजलेला रुपया या आकड्याच्या थोडा वर मिळायला हवा. विक्रेत्याने दहापट सांगितले तर तो तुम्हाला नवखे समजतो आहे. त्याहून वाईट म्हणजे तळाच्याही खाली सांगितलेला भाव. चांदीच्या मोलापेक्षा स्वस्त रुपया कोणी खुशीने विकत नाही. तो खोटा तरी असतो, नाहीतर चोरीचा.

दुसरी पायरी : खिशातली अवजारे आणि दहा मिनिटे

०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा खिशातला वजनकाटा, दहापट मोठे दाखवणारे भिंग, छोटा पण ताकदीचा लोहचुंबक, हातभर दोरा आणि प्लास्टिकचा पेला एवढे पुरते. काटा घरून निघताना प्रमाण वजन ठेवून तपासून घ्या, नाहीतर भांडण नाण्यावरून न होता काट्यावरून होईल.

वापरून झिजलेला रुपया ११.४ किंवा ११.५ ग्रॅम भरला तर काळजी नाही. अक्षरे टवटवीत आहेत, मुकुटावरची नक्षी शाबूत आहे आणि वजन मात्र ११.२ आहे, तर नाणे खाली ठेवा. झीज दिसत नसेल तर वजन गेले कुठे?

पाण्याची परीक्षा याहून भक्कम आहे. पेल्यात पाणी घेऊन तो काट्यावर ठेवा, काटा शून्यावर आणा. नाणे दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. काट्यावर १.१३ ग्रॅमच्या आसपास आकडा आला पाहिजे. पितळ किंवा जर्मन सिल्व्हरचे तेवढ्याच वजनाचे नाणे १.३५ च्या जवळ दाखवते, कारण हलका धातू जास्त जागा खातो. नाण्याला हवेचे बुडबुडे चिकटले तर आकडा चुकतो, म्हणून एकदा हलवून घ्या.

'टंच (धातूची शुद्धता) काढून आणा, मग बोला' असे काही विक्रेते छातीठोक सांगतात. टंच मशीन पृष्ठभागाचा धातू वाचते, त्यामुळे जाड मुलामा तिला चकवू शकतो. शिवाय चांदी खरी असली म्हणून नाणे खरे ठरत नाही. १९३९ च्या रुपयासारख्या दुर्मिळ सालात पैसा दुर्मिळपणाचा असतो. खोटे पाडणाऱ्याला त्यात खरी चांदी घालणे सहज परवडते.

भिंगाखाली आधी कड पाहा. टाकसाळीत ठोकलेल्या रुपयाच्या कडेचे दाते एकसारखे आणि धारदार असतात. साच्यात ओतलेल्या नकलेच्या कडेवर घासून काढलेली जोडरेषा दिसते, पृष्ठभागावर बारीक खड्डे दिसतात आणि अक्षरांच्या कडा वापरलेल्या साबणासारख्या गोलसर होतात. एकाच सालाची दोन नाणी असतील तर शेजारी ठेवा. दोघांच्या एकाच जागी तसाच चरा किंवा टोचा असेल तर दोन्ही एकाच साच्यातली.

आपल्या भागात कड पाहण्याचे आणखी एक कारण आहे. माळेतून आलेल्या रुपयाला डोक्यावर कडी डाखलेली असते. ती काढून जागा घासली की वरून पटकन कळत नाही, पण मुकुटाच्या वरच्या बाजूला कडेचे तीन-चार दाते गायब असतात आणि तिथली चांदी थोडी वेगळ्या रंगाची, गुळगुळीत दिसते. भोक बुजवलेले असेल तर त्या जागी दोन्ही बाजूंची नक्षी एकदम सपाट होते. असा रुपया खोटा नव्हे, पण त्याची किंमत चांदीपुरतीच. हे तुम्ही विचारायच्या आधी जो विक्रेता बोट ठेवून दाखवतो, त्याचा नंबर जपून ठेवा. अनोळखी माणसाच्या बाजूने इतका चांगला पुरावा दुसरा नाही.

तिसरी पायरी : उत्तर माहीत असलेले प्रश्न विचारा

१९११ च्या रुपयाबद्दल विचारून पाहा. त्या साली राजाच्या झग्यावरच्या पदकातला हत्ती आखूड सोंडेमुळे डुकरासारखा दिसला, ओरड झाली, बरीच नाणी परत घेऊन वितळवली गेली आणि १९१२ पासून सोंड नीट दिसेल असा हत्ती आला. जाणकार विक्रेता हे विचारण्याआधी सांगेल. समोर १९११ चा रुपया आला तर भिंगाने हत्ती पाहा. साल १९११ आणि सोंड स्पष्ट असेल तर १९१२ मधला २ कोरून १ केला आहे.

दुसरा प्रश्न : 'हेच नाणे उद्या तुम्हालाच विकायला आणले तर किती द्याल?' विकलेल्या भावापेक्षा कमी सांगणे हा धंदा आहे, त्यात रागवण्यासारखे काही नाही. पण 'कलेक्शनचे आयटम आम्ही परत घेत नाही' असे उत्तर आले तर त्याने सांगितलेल्या भावावर त्याचाच विश्वास नाही.

तिसरा : 'आले कुठून?' 'नांगरताना हंडा सापडला' हे उत्तर ऐकताच पाकीट खिशात ठेवा. या खेळात नमुन्याचे पहिले नाणे खरे असते, गठ्ठा खोटा असतो. आणि समजा हंडा खराच असला, तरी १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे १० रुपयांहून जास्त मोलाचे पुरलेले धन सापडल्यास कलेक्टरला कळवावे लागते. १०० वर्षांहून जुन्या नाण्यांचा व्यापार करायला १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली परवाना लागतो, तोही विचारा. प्रश्नावर चिडतो की कागद काढतो, ते पाहा.

शिवराई, होन आणि 'रामदरबार'

रुपयाचे नियम हाताने ठोकलेल्या नाण्यांना लावू नका. शिवराईचे, म्हणजे मराठेशाहीतल्या तांब्याच्या नाण्याचे, वजन मुळातच कमीजास्त असते आणि ठसा नाण्याच्या चकतीहून मोठा असे, म्हणून 'श्री राजा शिव' किंवा 'छत्रपति' यातले एखादे अक्षर कडेला तुटलेले असणे साहजिक आहे. सगळी अक्षरे गोलात नीट बसलेली, दोन्ही बाजू मध्यावर आणि वर एकसारखी हिरवी झाक अशी शिवराई दिसली तर कापसावर थोडे अॅसिटोन घेऊन कडेला टेकवा. लावलेला रंग कापसावर उतरतो, जमिनीत चढलेला हिरवा थर उतरत नाही. पेशवाईतल्या शिवराया भरपूर मिळतात. सगळ्या शिवराया 'महाराजांच्या काळातल्या' म्हणून विकणारा माणूस एकाच वाक्यात ओळखू येतो.

शिवाजी महाराजांचा सोन्याचा होन अतिशय दुर्मिळ आहे. फडक्यावर होन दिसला तर तपासत बसू नका, तो विक्रेताच सोडा. तीच गत 'रामदरबार'ची, म्हणजे राम, सीता, हनुमान असलेल्या आणि ईस्ट इंडिया कंपनीचे नाव व १८१८ साल घातलेल्या तांब्याच्या 'नाण्या'ची. कंपनीने असे नाणे कधी पाडलेच नाही. ज्याच्या पेटीत ते 'तांदूळ ओढणारे', म्हणजे चमत्कारी, म्हणून ठेवलेले आहे, त्याच्याकडून शेजारचा खरा रुपयाही घेऊ नये, असे आमचे मत.

चौथी पायरी : कागद आणि पैसे

बिलावर 'जुने नाणे, १ नग' चालत नाही. राजा, साल, टाकसाळ, धातू, वजन आणि 'अस्सल न ठरल्यास पूर्ण रक्कम परत' हे शब्द हवेत. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असा शिक्का असला म्हणून घाबरू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, मुदत नसेल तर ३० दिवसांत, परत न घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणेही त्यातच मोडते.

जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे: महाराष्ट्र २७, मध्य प्रदेश २३, गुजरात २४. बुऱ्हाणपूरचा विक्रेता २७ चा क्रमांक दाखवत असेल तर कारण विचारा. जीएसटी पोर्टलवर क्रमांक टाकला की नाव दिसते. ते नाव आणि पैसे जाणाऱ्या बँक खात्यावरचे नाव जुळले पाहिजे. लहान विक्रेत्याकडे हा क्रमांक नसणे हा गुन्हा नाही, पण मग परतीची अट तरी कागदावर हवीच.

टपालाने मागवताना व्हीपीपी (पैसे भरून सोडवायचे पाकीट) सुरक्षित वाटते, पण पाकीट उघडण्याआधीच पैसे द्यावे लागतात, म्हणजे हातात येते ते फक्त वजनदार पाकीट. पहिल्या वेळी एकच स्वस्त नाणे मागवा आणि पाकीट फोडण्यापासून काट्यावर ठेवण्यापर्यंत सलग व्हिडिओ काढा. पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी तपासून प्रमाणित करणाऱ्या कंपन्यांच्या सीलबंद डबीतले नाणे असेल तर डबीवरचा क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर टाकून तिथल्या फोटोशी नाणे जुळवा. क्रमांक खरा आणि डबी खोटी असेही होते.

रिझर्व्ह बँकेच्या नावाने 'फाईल चार्ज' किंवा कर मागितला तर फोन ठेवा. बँक अशा व्यवहारात पडत नाही, हे तिने २०२१ मध्ये जाहीर सांगितले आहे. पैसे गेलेच तर त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा. बिलाच्या वादासाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५.

आणि दुसऱ्या जाणकाराने पाहीपर्यंत नाणे आहे तसेच ठेवा. पूजेसाठी म्हणून चिंचेने किंवा राखेने घासून काढलेले नाणे विक्रेत्याने परत घ्यायला नकार दिला, तर त्या वेळी बरोबर तोच असेल.