ग्रिडला वीज विकणाऱ्या सौर प्रकल्पात पैसे गुंतवण्यापूर्वी

सौर प्रकल्पात हिस्सा घेऊ पाहणारा माणूस बहुधा पॅनेलपासून सुरुवात करतो: ते कोणत्या कंपनीचे आहेत, किती वॅटचे आहेत, हमी किती वर्षांची आहे. हे प्रश्न रास्त आहेत, पण त्यांचा क्रम बराच नंतरचा आहे, कारण पॅनेल हा या धंद्यातला सर्वांत कमी कटकटीचा भाग असतो आणि उत्पन्न ठरते ते मुख्यतः वीजखरेदी कराराच्या कलमांवर आणि प्रकल्पापासून ग्रिडच्या, म्हणजे सार्वजनिक वीजजाळ्याच्या, उपकेंद्रापर्यंत जाणाऱ्या वीजवाहिनीवर. त्यामुळे प्रस्ताव हाती आल्यावर रंगीत माहितीपत्रक बाजूला ठेवावे आणि मूळ कराराची प्रत मागावी. ती देण्यास टाळाटाळ झाली, तर पुढे जाण्याचे कारण उरत नाही.

त्याआधी आपण नेमके काय विकत घेत आहोत, हे एका वाक्यात लिहून काढावे. प्रकल्पासाठी स्थापन केलेल्या स्वतंत्र कंपनीचे समभाग, सहकारी संस्थेतील भाग, प्रकल्पाला दिलेले कर्ज किंवा रोखे आणि शेअर बाजारात खरेदी-विक्री होणारी गुंतवणूक निधीची युनिट्स या चार निरनिराळ्या गोष्टी आहेत. कर्ज देणाऱ्याला ठरलेले व्याज मिळते आणि त्याचा क्रम समभागधारकाच्या आधी लागतो. समभागधारकाला सर्वांचे देऊन उरेल ते मिळते. ‘ठरावीक पॅनेल तुमच्या नावावर, आम्ही ते भाड्याने चालवू आणि दरमहा निश्चित रक्कम देऊ’ अशा योजनांकडे मी संशयानेच पाहतो. अशा वेळी पॅनेलचे अनुक्रमांक, ते ज्या जमिनीवर उभे आहेत तिचे कागद आणि तेच पॅनेल बँकेकडे तारण नाहीत याचा पुरावा, हे तिन्ही मागावेत.

करारात प्रथम वीज कोण घेणार, कोणत्या दराने आणि किती वर्षे, हे पाहावे. दर स्थिर आहे की महागाईशी जोडलेला, खरेदीदाराने देयक थकवले तर बँक हमी आहे का, आणि करार 15 वर्षांचा असताना परताव्याचे गणित 25 वर्षांचे मांडले आहे का, हे तपासावे. उरलेल्या 10 वर्षांची वीज बाजारभावाने विकावी लागते. तो भाव भरदुपारी पडतो, कारण त्या वेळी परिसरातले सगळेच सौर प्रकल्प एकाच वेळी वीज ओतत असतात; जर्मनीच्या घाऊक बाजारात तर असा दर काही तासांसाठी शून्याच्याही खाली गेलेला आहे.

सरकारी हमीचा दर म्हणजे निर्धास्तपणा, असेही समजू नये. स्पेनमध्ये 2007 च्या फर्मानाने आकर्षक दर जाहीर झाले आणि हजारो सामान्य कुटुंबांनी कर्ज काढून सौर प्रकल्पांत पैसे घातले. 2010 मध्ये त्या दराने विकता येणाऱ्या तासांवर मर्यादा आली आणि 2013 मध्ये ती दरव्यवस्थाच मोडीत निघाली. चेक प्रजासत्ताकाने 2009 व 2010 मध्ये जोडलेल्या प्रकल्पांच्या उत्पन्नावर 2011 पासून 26 टक्के आकारणी लावली. म्हणून कायदा बदलल्यास नुकसान कोण सोसणार, हे कलम दोनदा वाचावे.

ग्रिडजोडणीचा मुद्दा नवख्या माणसाला सहसा सुचत नाही. ग्रिडशी जोडलेला सौर इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज ग्रिडला चालेल अशा रूपात बदलणारे यंत्र, वाहिनीवरचा पुरवठा गेला की सुरक्षेसाठी आपोआप बंद होतो. म्हणजे डोक्यावर लख्ख ऊन असूनही मीटर थांबलेला असतो. वाहिनीवर ताण आला, तर ग्रिडचालक उत्पादन कमी करण्याचा आदेशही देऊ शकतो. अशा न विकलेल्या विजेची भरपाई मिळणार का, हे करारात स्पष्ट हवे. जोडणीची परवानगी ‘प्रक्रियेत’ असलेल्या प्रकल्पात मी पैसे घालणार नाही, कारण पॅनेल काही महिन्यांत उभे राहतात, पण उपकेंद्रात जोडणीसाठी जागा मिळायला वर्षे लागू शकतात.

आता उत्पादनाचे आकडे. एक मेगावॅटचा प्रकल्प दर किलोवॅटमागे वर्षाला 1500 युनिट देत असेल, तर पहिल्या वर्षी 15 लाख युनिट होतात. वर्षभर अहोरात्र पूर्ण क्षमतेने चालल्यास मिळाली असती त्या विजेच्या हे साधारण 17 टक्के. ढगाळ प्रदेशात किलोवॅटमागचा आकडा 1000 च्या आसपास राहतो, कोरड्या उन्हाच्या प्रदेशात तो 1700 च्या पुढेही जातो. मात्र कडक ऊन म्हणजे भरपूर वीज हे समीकरण अर्धवट आहे. पॅनेलची क्षमता 25 अंश तापमानाला मोजलेली असते आणि त्यापुढे दर अंशामागे उत्पादन सुमारे 0.35 टक्क्याने घटते. तापून 60 अंशांवर गेलेला पॅनेल या हिशेबाने सुमारे 12 टक्के कमी देतो. शिवाय झीज वर्षाला अर्धा टक्का धरली, तर वरचे 15 लाख युनिट पंचविसाव्या वर्षी 13.3 लाखांवर येतात.

अंदाजपत्रकात बहुधा पी-50 हा आकडा छापलेला असतो, म्हणजे जो गाठण्याची शक्यता निम्मीच आहे. आपण पी-90 मागावा. तो दहापैकी नऊ वर्षी गाठला जाणे अपेक्षित असते आणि अनेकदा आठ-दहा टक्क्यांनी कमी असतो. एवढ्याने काय बिघडते, ते कर्जाच्या हिशेबात दिसते. उत्पन्न 100 धरा, देखभाल-विमा-भाडे 20, बँकेचा हप्ता 60. गुंतवणूकदारांसाठी 20 उरतात. उत्पादन 9 टक्क्यांनी घटले, तर उत्पन्न 91 होते, पण 20 आणि 60 तसेच राहतात आणि हाती 11 येतात. दहा-पंधरा वर्षांनी इन्व्हर्टर बदलण्यासाठीचा राखीव निधीही याच उरलेल्यातून उभा करायचा असतो.

प्रकल्प चालू असेल तर प्रत्यक्ष जाऊन पाहावा, तेही हिवाळ्यात सकाळी आठ-नऊच्या सुमारास, जेव्हा सावल्या लांब असतात. पुढच्या रांगेची सावली मागच्या पॅनेलच्या खालच्या कडेवर पट्ट्यासारखी पडलेली दिसली, तर ते नुकसान दिसते त्यापेक्षा मोठे असते. पॅनेलमधले वीज तयार करणारे छोटे चौकोन, म्हणजे सेल, एकामागोमाग एक जोडलेले असल्याने झाकलेला सेल आपल्या साखळीचा प्रवाह अडवतो. पॅनेलच्या काचेवरून बोट फिरवून धूळ पाहावी आणि धुण्यासाठी पाणी कोठून येते ते विचारावे. मग मागील 12 महिन्यांची खरेदीदाराने मान्य केलेली मीटर नोंद आणि इन्व्हर्टरची नोंद शेजारी ठेवावी. रोहित्र व वाहिनीतील गळतीमुळे दोन-तीन टक्क्यांचा फरक राहीलच. त्याहून जास्त असेल तर लेखी कारण घ्यावे. पैसे नेहमी मीटरच्या आकड्याचे मिळतात.

जमिनीचा भाडेपट्टा वीजखरेदी करारापेक्षा लांब मुदतीचा असावा आणि शेवटी सांगाडे काढून जमीन मोकळी करण्याचा खर्च कोणाकडे, हे त्यात लिहिलेले असावे. हिस्सा मध्येच विकायचा झाल्यास बँकेची किंवा इतर भागीदारांची संमती लागते का, आणि किंमत कोण ठरवणार, हेही सही करण्यापूर्वी विचारून घ्यावे. शेअर बाजारात नोंदणी नसलेल्या समभागांना गिऱ्हाईक मिळायला महिने लागतात, त्यामुळे लवकरच लागणार असलेला पैसा येथे घालू नये.