निबर झालेला घेवडा: या चुका टाळा

खानापूर, बेळगावकडे पाऊस लागून राहिला की परड्यातल्या मांडवाकडे आठ-आठ दिवस कुणी फिरकत नाही. उघडीप मिळाली की दिसतं, पानांआड घेवड्याच्या शेंगा जून होऊन लोंबतायत. त्या टाकून देऊ नका. शेंग निबर झाली म्हणजे तिची भाजी संपली, दाणे मात्र आता कुठे भरलेत.

पहिली चूक अशा शेंगा चिरून शिजवण्याची. दोर काढले, सोडा घातला, तरी टरफलातले धागे घशात अडकतातच. शेंग वाकवून बघा. कट्टकन मोडली तर भाजीला घ्या. नुसती वाकली आणि आत दाणे टपोरे लागले, तर सोला आणि ओल्या दाण्यांची कांदा-लसूण चटणी घालून आमटी करा. जोंधळ्याच्या भाकरीबरोबर ती फार छान लागते.

सगळ्याच जून शेंगा वेलावर ठेवू नका. दाणे पिकायला लागले की वेल नवी फुलं कमी धरतो. वाळवणासाठी दोन-तीन वेल राखा, बाकीच्यांच्या शेंगा काढत राहा.

वाळवणात सर्वांत जास्त नुकसान होतं. शेंगा वेलावरच कुरकुरीत वाळाव्यात हे खरं, पण परतीच्या पावसात दाणे शेंगेतच मोड धरतात किंवा काळे पडतात. म्हणून शेंगा पिवळ्या पडल्या की वेल मुळासकट उपटून पडवीत उलटे टांगा, नाहीतर शेंगा पंख्याखाली पातळ पसरा. प्लास्टिकच्या पिशवीत भरून ठेवल्या तर दोन दिवसांत बुरशी येते. सोललेले दाणेही पुन्हा वाळवायला हवेत. खलबत्त्यात एक दाणा ठेचा: चेपला तर ओल आहे, फुटला तर वाळलाय. बरणीत भरल्यावर आठवडाभर लक्ष ठेवा. काचेला आतून दव दिसलं तर सगळं बाहेर काढून परत वाळवा.

बरणी घट्ट असूनही दाण्यांना गोल भोकं पडतात, कारण भुंग्याची अंडी बरेचदा शेतातूनच आलेली असतात. पूर्ण वाळलेले दाणे हवाबंद डब्यात घालून उणे 18 अंशांच्या फ्रीझरमध्ये चार दिवस ठेवा. बाहेर काढल्यावर डबा खोलीइतका कोमट होईपर्यंत उघडू नका, नाहीतर दाण्यांवर पाणी धरतं.

आता सर्वांत महत्त्वाचं. घेवड्याच्या कच्च्या दाण्यांत, विशेषतः लाल दाण्यांत, फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचं विषारी प्रथिन असतं. अर्धकच्चे दाणे खाल्ले की साधारण एक ते तीन तासांत उलट्या, मग जुलाब सुरू होतात. वाळलेले दाणे रात्रभर भिजवा, ते पाणी फेकून द्या, ताज्या पाण्यात निदान दहा मिनिटं खळखळ उकळवा आणि मग मऊ शिजवा. कुकर उत्तम. निखाऱ्यावर नुसतं कोमट शिजत ठेवणं धोक्याचं, कारण कमी आचेवर हे विष नष्ट होत नाही, उलट वाढू शकतं. ओले दाणेही कच्चे खाऊ नयेत, मुलांनाही मांडवाखाली सांगून ठेवा.

शिजवलेले दाणे पाण्यात किंवा तेलात बुडवून बाटलीत बंद करून बाहेर ठेवू नका. घेवड्यात आंबटपणा नाही, त्यामुळे बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू हवाबंद बाटलीत वाढू शकतात, आणि त्यांचे बीजाणू साध्या उकळीने मरत नाहीत. टिकवायचेच असतील तर फ्रीझर बरा. कोवळ्या शेंगांचे तुकडे तीन मिनिटं उकळत्या पाण्यात, लगेच गार पाण्यात, निथळून पिशवीत. हे न करता गोठवल्या तर चव आणि रंग उतरतो.

बियाणं मात्र उरल्यासुरल्या, शेवटच्या खुरट्या शेंगांतून धरू नका. भरघोस आणि निरोगी वेल आधीच खूण करून ठेवा. साधा घेवडा बहुतेक स्वपरागीत असतो, त्यामुळे जात टिकते. लाल फुलांचा मोठ्या दाण्यांचा रनर बीन लावला असेल, तर मधमाश्या त्याचं परागीकरण करतात. त्याच्या दोन जाती जवळ असल्या तर पुढच्या वर्षी सरमिसळ उगवते.