कळीची प्रजाती कशी ओळखावी आणि त्या हिशेबात माणूस कुठे धरावा

एखाद्या परिसरातील कळीची प्रजाती (कीस्टोन स्पीशीज), म्हणजे संख्येच्या मानाने परिसरावर कितीतरी अधिक प्रभाव टाकणारी प्रजाती, शोधायची असेल तर सुरुवात मोठ्या किंवा देखण्या प्राण्यापासून करू नये. आधी सीमा आखता येईल अशी लहान जागा निवडावी: तळे, ओढ्याचा एक टप्पा, खडकाळ किनाऱ्याचा पट्टा. तेथे किमान वर्षभर कोण कोणाला खाते, कोण बिळे खणते, इतरत्र फळे नसताना कोणते झाड फळते, याची नोंद ठेवावी.

नंतर प्रत्येक प्रजातीपुढे तिची विपुलता आणि तिचा प्रभाव असे दोन रकाने भरावेत. जंगलात सर्वाधिक असलेल्या झाडांचा प्रभाव मोठा असणारच, त्यात नवल नाही. संख्येच्या मानाने प्रभाव कितीतरी अधिक भरला, तरच ती प्रजाती कळीची.

खरी कसोटी म्हणजे ती प्रजाती नसताना काय घडते हे पाहणे. अमेरिकी परिसंस्थाशास्त्रज्ञ रॉबर्ट पेन यांनी १९६३ पासून वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावरील खडकाच्या एका पट्ट्यातले तारामासे पहारीने उचकटून समुद्रात फेकले आणि शेजारचा पट्टा तसाच ठेवला. तारामाशांचे मुख्य भक्ष्य असलेल्या शिंपल्यांनी मोकळ्या पट्ट्यावर हातपाय पसरले आणि तेथील १५ प्रजातींपैकी ८ उरल्या. आपण मात्र काहीही उपटू नये; प्रजाती असलेली आणि नसलेली, पण बाकी सर्व बाबतींत सारखी, अशा दोन जागांची तुलना करावी. हा सारखेपणा काटेकोरपणे तपासावा, कारण त्याच तारामाशांचा प्रभाव लाटांचा मारा असलेल्या खडकांवर जोरकस, तर आडोशाच्या जागी क्षीण आढळला आहे.

माणसाला या नोंदवहीबाहेर ठेवणे ही नेहमीची चूक. (सागरी परिसंस्थाशास्त्रज्ञ बोरिस वर्म आणि पेन यांनी २०१६ मध्ये माणसाला ‘हायपरकीस्टोन’ म्हटले, म्हणजे कळीच्या इतर प्रजातींवरच प्रभाव टाकणारी प्रजाती, मला हे वर्णन अचूक वाटते.) त्यामुळे त्याच्या रकान्यात केवळ थेट कृती न लिहिता पुढची साखळीही लिहावी. उत्तर पॅसिफिकमध्ये शिकाऱ्यांना केवळ सागरी पाणमांजरांची लोकर हवी होती, केल्पला, म्हणजे मोठ्या सागरी शैवालांना, त्यांनी हातही लावला नव्हता. तरी पाणमांजरे संपली तेथे त्यांचे भक्ष्य असलेले सी अर्चिन, म्हणजे काटेरी गोल सागरी प्राणी, माजले आणि त्यांनी केल्पची वने फस्त केली.

माणसालाही तीच कसोटी लावता येते. न्यूझीलंडमध्ये ली येथे १९७५ मध्ये सागरी राखीव क्षेत्र झाले आणि मासेमारी थांबली. स्नॅपर मासे व शेवंड वाढले, त्यांनी सी अर्चिन खाल्ले आणि उजाड खडकांवर केल्प परतले. या बदलाला अनेक वर्षे लागली. म्हणून तुलनेसाठी बंदी असलेले क्षेत्र निवडताना बंदी कधीपासून आहे हे आधी विचारावे, आणि दोन्ही जागांची छायाचित्रे दरवर्षी त्याच ठिकाणाहून, त्याच ऋतूत घ्यावीत.