पेशी-रोपणाच्या ट्रायलला नाव देण्याआधी

टोरोंटोतल्या एका रुग्णालयात मधुमेहावरच्या पेशी-रोपणाच्या ट्रायलची, म्हणजे नव्या उपचाराच्या चाचणीची, चौकशी करणारे फोन मी घेते. पुण्या-नाशिकहून ओळखीपाळखीतलेही विचारतात. त्यांचा प्रश्न ठरलेला: "इन्सुलिन सुटेल ना?" मी उलट विचारते, "शुगर उतरताना तुम्हाला कळतं का?"

घाम नाही, थरथर नाही, थेट शुद्धच हरपते, अशा टाइप १ मधुमेहवाल्यांसाठी (ज्यांचं शरीर इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही) यातल्या बऱ्याचशा ट्रायल असतात. टाइप २ वाल्या काकांना तिथेच नाही म्हणावं लागतं.

फोनआधी शुगर मोजणाऱ्या सेन्सरचे रिपोर्ट काढून ठेवा. वर्षभरात शुगर कधी इतकी उतरली की दुसऱ्याला धावावं लागलं, त्याच्या तारखा लिहा. "दोन-तीनदा झालं असेल" यावर आमचं भागत नाही. क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते) आणि सी-पेप्टाइड (शरीर स्वतःचं इन्सुलिन किती करतं ते) यांचे रिपोर्टही असू द्या.

आता मुख्य गोष्ट. झिमिसलेसेल (zimislecel) या उपचारात मूलपेशींपासून बनवलेल्या इन्सुलिन करणाऱ्या पेशी यकृताकडे जाणाऱ्या शिरेतून सोडतात. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालांत पूर्ण मात्रा मिळालेल्या १२ पैकी १० जणांचं इन्सुलिन वर्षभरानंतर बंद होतं. हे सगळे सांगतात. त्याच ट्रायलमधल्या एकूण १४ पैकी दोघे दगावले, एक बुरशीच्या मेंदूज्वराने, दुसरा आधीपासूनचा मेंदूचा आजार बळावून, हे कोणी सांगत नाही. पेशी टिकवायला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेत राहावी लागतात. त्यातलं टॅक्रोलिमस किडनीला त्रास देऊ शकतं, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, मूल हवं असेल तर तेही आधी बोलावं लागतं. इन्सुलिन पंप आणि सेन्सरवर ज्यांचं बरं चाललंय, त्यांनी हा सौदा का करावा, मला तरी कळत नाही.

संमतीपत्र घरी न्या. पेशी निकामी झाल्या तर पुढे काय? इजा झाली तर खर्च कोणाचा? ट्रायल कधीही सोडता येते, पण औषधं थांबली की शरीर त्या पेशींवर उठतं. तेव्हा तयार होणाऱ्या प्रतिपिंडांमुळे (अँटीबॉडीजमुळे) उद्या किडनी लागली तर जुळणारी मिळणं अवघड होऊ शकतं. हे मुद्दाम विचारा.

भारतात असाल तर ट्रायलची सीटीआरआयवर (ट्रायलच्या सरकारी नोंदवहीत) नोंद आणि एथिक्स कमिटीची मंजुरी बघा. २०१९ च्या नियमांनुसार ट्रायलमुळे इजा झाली तर भरपाई द्यावी लागते. 'स्टेम सेलने मधुमेह बरा' म्हणत लाखभर मागणाऱ्याचा फोन सरळ ठेवून द्या.

आणि आम्हाला फोन करताना घरातलं कोणीतरी शेजारी बसवा. शुगर उतरल्यावर काय झालं ते तुम्हाला आठवत नसतं, त्यांना आठवतं.